बीड जिल्हा आणि फोनचे बिल

बीड जिल्ह्यात घरच्या फोनसाठी दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवून निवड करण्याची सोय अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत तारेचा फोन देणारे खाते एकच होते. ग्राहक तुलना करी ती वेगळ्या गोष्टींची: फोन घरी घ्यायचा की शेजाऱ्याच्या फोनवर भागवायचे, ट्रंक कॉल लावायचा की तार करायची, आत्ता बोलायचे की दर उतरेपर्यंत रात्री थांबायचे. खर्च ठरे तो अंतरावर आणि वेळेवर.

जिल्हा या सोयींपासून लांब का राहिला, हे नकाशा पाहिल्यावर कळते. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे टपाल खाते आणि तिकिटे स्वतंत्र होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० मध्ये त्याचे टपाल भारतीय खात्यात आले. जुन्या काळी तारायंत्राच्या तारा प्रामुख्याने लोहमार्गाच्या कडेने जात. जिल्ह्यात निजामाच्या काळात रेल्वे पोचली ती परळी वैजनाथला, विकाराबादच्या बाजूने. बीड शहरातून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यामुळे जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला तारांसाठी सडकेच्या कडेच्या खांबांवर विसंबून राहावे लागले. वादळात खांब पडला की दुरुस्तीची माणसे लांबून यायची.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा परगावी फोन म्हणजे ट्रंक कॉल. ग्राहक एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवी आणि ऑपरेटरच्या बोलावण्याची वाट पाही. ऑर्डिनरी कॉल स्वस्त, पण त्याला तासन्‌तास लागत. अर्जंटचा दर त्याच्या दुप्पट आणि लाइटनिंगचा आठपट होता. ठरावीक माणूस फोनवर आला तरच कॉल धरायचा असेल तर पीपी (पर्टिक्युलर पर्सन) कॉल लावावा लागे. त्याचे पैसे वेगळे, पण माणूस जागेवर नसला तर पूर्ण कॉलचा भुर्दंड वाचे. हिशेब तीन मिनिटांच्या टप्प्याने होई आणि मधेच ‘थ्री मिनिट्स’ असा ऑपरेटरचा आवाज येई. एकाच खात्याच्या सेवेत दर आणि प्रतीक्षा यांची इतकी उघड अदलाबदल पुढे कधी दिसली नाही.

घरी फोन घेणे हा तर वेगळाच प्रपंच होता. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि यादीत नाव लागण्याची वाट पाहायची. घाई असलेल्यांसाठी ‘ओन युवर टेलिफोन’ ही योजना होती. तिच्यात मोठी रक्कम आगाऊ भरली की क्रमांक लवकर लागे. खासदारांच्या शिफारशीचाही कोटा असे. १९९१ च्या सुमारास साऱ्या देशात मिळून सुमारे ५० लाख फोन होते. ज्यांच्याकडे फोन नसे ते लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा किंवा दुकानाचा नंबर छापत आणि त्यापुढे ‘पी.पी.’ लिहीत. या व्यवस्थेचे बिल मात्र शेजारी भरी. निरोप पोचवायला धावणाऱ्या पोराच्या चपला कोणाच्या हिशेबात नसत.

एसटीडी आल्यावर ऑपरेटर गेला आणि अंतराचा हिशेब यंत्राकडे आला. देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. लहान गावांपर्यंत यायला तिला दशके लागली. तिची रीत समजली की पुढची सगळी बिले समजतात. एक्स्चेंजमधला मीटर ‘पल्स’ मोजी. स्थानिक कॉलला एक पल्स मिनिटांच्या हिशेबाने चाले; अंतर वाढेल तशी पल्स आखूड होत जाई आणि सर्वात लांबच्या टप्प्यात दोन-तीन सेकंदांवर येई. पल्सचा दर तोच, पण मीटर पळू लागे. रात्री टप्प्याटप्प्याने सवलत सुरू होई आणि उशिराच्या तासांत दर पाव होई, म्हणून मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांशी खुशाली जेवणानंतर विचारली जाई.

या पद्धतीत जिल्ह्याचे सात तुकडे पडले. बीडचा कोड ०२४४२, माजलगावचा ०२४४३, पाटोद्याचा ०२४४४, केजचा ०२४४५, अंबाजोगाईचा ०२४४६, गेवराईचा ०२४४७ आणि आष्टीचा ०२४४१. जिल्ह्यात आज अकरा तालुके आहेत. परळी, धारूर, वडवणी आणि शिरूर कासार हे नंतर झाले. दूरसंचार खात्याने मात्र जुन्या सात तालुक्यांची आखणी कायम ठेवली. म्हणून परळीचा कोड आजही अंबाजोगाईचाच आहे आणि त्या दोन गावांतला कॉल स्थानिक ठरत आला. आष्टीहून परळीला बोलणे म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि मीटर जिल्हा ओळखत नव्हता. जवळच्या कोडांमधला कॉल स्थानिक दराने लावण्याची सवलत पुढे मिळाली. २००१ नंतर राज्यातल्या दोनशे किलोमीटरच्या आतल्या कॉलसाठी शून्याऐवजी ९५ लावून स्वस्तात बोलता येऊ लागले. नंबराआधी शून्य लावायचे की ९५, हे लक्षात ठेवणारा घरातला माणूस बिल वाचवी.

खेड्यांपर्यंत फोन नेण्याचे श्रेय बरेचसे सी-डॉटच्या लहान एक्स्चेंजना द्यावे लागेल. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली. दूरसंचार अभियंते सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने तिथे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज तयार झाले आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. धुळीच्या आणि चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्याच्या मराठवाड्यात हा गुण दरांपेक्षा मोलाचा होता. त्याच सुमारास, १ जानेवारी १९८५ रोजी, टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. ग्रामीण ग्राहकाला भाडे कमी आणि मोफत कॉल जास्त असे धोरण होते. बिल दोन महिन्यांनी येई. खेड्यांतल्या सार्वजनिक फोनसाठी बसवलेली रेडिओ यंत्रणा मात्र फारशी विश्वासाची ठरली नाही. ती पुढे बदलावी लागली.

नव्वदच्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. ते देताना अपंग, माजी सैनिक अशांना प्राधान्य होते. बूथमध्ये डोळ्यांसमोर रुपये मोजणारे यंत्र असे आणि बोलणे संपले की छापील पावती हाती पडे. घरच्या फोनवर बिल दोन महिन्यांनी धक्का देई, बूथवर धक्का जागीच बसे, म्हणून पुष्कळ घरांत फोन फक्त येणाऱ्या कॉलसाठी ठेवून करायचे कॉल बूथवरून होत. या जिल्ह्यात त्याला आणखी एक कारण होते. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. कारखान्याच्या परिसरातल्या बूथवरून गावातल्या दुकानाच्या नंबरवर निरोप धाडायचा, दुकानदाराने घरच्यांना वेळ सांगून बोलावून ठेवायचे आणि मग दुसरा कॉल लावायचा, असा तो दोन टप्प्यांचा व्यवहार असे. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या दारी फोन असणे ही तर त्याच्या धंद्याची गरजच होती.

मे १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने तारेच्या फोनमध्ये खासगी कंपन्यांना वाट करून दिली. त्याच वर्षी जुलैपासून टेलिफोन बिलावर ५ टक्के सेवाकर लागला. बिलातली ही ओळ पुढे वाढत गेली आणि जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी झाली. महाराष्ट्र परिमंडळाचा खासगी परवाना ह्यूजेस इस्पात कंपनीला मिळाला. तीच कंपनी पुढे टाटांकडे गेली. खासगी कंपन्यांच्या तारांचा ओढा मोठ्या शहरांतल्या जास्त बिलाच्या ग्राहकांकडे राहिला. दर कसे असावेत हे ठरवायला १९९७ मध्ये ट्राय ही नियामक संस्था स्थापन झाली. १९९९ च्या तिच्या आदेशाने लांबचे कॉल उतरू लागले आणि भाड्याचा भार वाढला. तोवर लांबच्या महाग कॉलच्या पैशांतून स्थानिक कॉल आणि ग्रामीण भाडे स्वस्त ठेवले जात होते. कमी बोलणाऱ्या घरासाठी ही फेररचना महागाईच होती, एवढे नोंदवायला हवे.

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवेतून बीएसएनएल ही कंपनी निघाली. सप्टेंबर २००१ ते जानेवारी २००३ या काळात दूरसंचार मंत्री होते प्रमोद महाजन, ज्यांचे बालपण आणि शालेय शिक्षण अंबाजोगाईत झाले. त्यांच्या कारकिर्दीत लांब पल्ल्याच्या कॉलमध्ये स्पर्धा आली आणि जानेवारी २००२ मध्ये बीएसएनएलने सर्वात लांबच्या टप्प्याचा दर मिनिटाला २४ रुपयांवरून दहा रुपयांच्या आत आणला. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलचा मोबाइल आला, डिसेंबरात रिलायन्सचा. १ मार्च २००६ रोजी ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठेही मिनिटाला एक रुपया असा दर झाला. पन्नास वर्षे ज्या अंतराने बिल ठरवले ते अंतर बिलातून गेले. बूथही गेले, आणि त्यांच्यावर पोट असलेल्यांना दुकानात झेरॉक्सचे यंत्र किंवा रिचार्जची कूपने ठेवावी लागली.

तारेच्या फोनला दुसरे आयुष्य दिले ते इंटरनेटने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू झाले. सुरुवातीला ज्या गावात इंटरनेटचे केंद्र नसे तिथून शहराला एसटीडी लावून जोडणी करावी लागे, म्हणजे जिल्ह्याच्या गावाला एक पान पाहायलाही लांबच्या कॉलचे पैसे पडत. स्थानिक दराने डायल-अप करता येऊ लागल्यावरही जोडणी चालू असेतो फोन अडकून राही आणि कॉलचा मीटर चालूच असे. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही किमान गती ठरवली आणि १४ जानेवारी २००५ रोजी बीएसएनएलने तांब्याच्या त्याच तारेवर ब्रॉडबँड आणले. डाउनलोडची मर्यादा एमबीत होती; ओलांडली की प्रत्येक एमबीचे पैसे. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत होते. रात्रीच्या एसटीडीची सवय असलेल्या घरांना हे नवे वाटले नसावे. गती मात्र एक्स्चेंजपासूनच्या तारेच्या लांबीवर ठरे, आणि शेतवस्तीवरच्या घराला योजनेच्या कागदावरची गती क्वचितच मिळे.

या तारेची पडझड पुढच्या दशकात झाली. रस्ते रुंद करताना केबल तुटल्या, तांब्याची चोरी झाली. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे सुमारे ७८,५०० कर्मचारी देशभरात एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले आणि दुरुस्तीला माणूस मिळेना. त्याआधी कंपनीने ग्राहक धरून ठेवायला १ मे २०१५ पासून रात्री नऊ ते सकाळी सात आणि १५ ऑगस्ट २०१६ पासून रविवारी दिवसभर मोफत कॉल दिले. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा मोबाइल आल्यावर बोलणेच जवळजवळ फुकट झाले आणि त्या सवलतीचे वजन उरले नाही.

कंपन्यांची खरी तुलना सुरू झाली ती फायबरवर. जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ रोजी ६९९ रुपयांपासून सुरू झाले. वर्षभरात ते ३९९ रुपयांवर आले. ऑक्टोबर २०२० मध्ये बीएसएनएलने ४४९ रुपयांची योजना काढली. दोन्हींत तेव्हा गती ३० एमबीपीएस होती आणि कॉल मोफत होते. कर धरल्यास महिन्याला ४७१ आणि ५३० रुपये होत, म्हणजे फरक साठेक रुपयांचा होता. लहान गावांत बीएसएनएलची फायबर जोडणी बहुधा स्थानिक भागीदारामार्फत होते, आणि हा भागीदार पुष्कळदा जुना केबल टीव्हीवाला असतो. त्यामुळे जाहिरातीतल्या दरापेक्षा त्याचा माणूस तक्रारीनंतर किती वेळात येतो यावर निवड ठरते. जिथे एकाच कंपनीची तार पोचली आहे तिथे तर दरपत्रकाला अर्थ नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारा प्रकल्प २०११ मध्ये मंजूर होऊन पुढे भारतनेट झाला; पंचायत कार्यालयापासून घरापर्यंतचे अंतर हा मात्र वेगळा खर्च राहिला.

छापील दरात न दिसणाऱ्या बाबी आणखी आहेत. तांब्याच्या तारेचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चाले, त्यामुळे भारनियमनात घर अंधारात असले तरी तो वाजे. परळीत औष्णिक वीज केंद्र असूनही जिल्ह्याने भारनियमन पुष्कळ सोसले आहे. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद, म्हणून इन्व्हर्टर किंवा छोटी बॅटरी हिशेबात धरावी लागते. जोडणीचे शुल्क, राउटरची अनामत आणि सहा किंवा बारा महिन्यांचे आगाऊ पैसे भरल्यास मिळणारी सूट याही बाबी पाहाव्या लागतात. आगाऊ भरलेले पैसे असतील तर मधेच कंपनी बदलणे महाग पडते.

नंबराचा प्रश्न याहून जुना आहे. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाली. तारेच्या फोनला ती लागू झाली नाही. बीएसएनएल सोडून दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या घराचा किंवा दुकानाचा जुना नंबर सुटतो. कोड तोच राहतो, पुढचे आकडे नवे मिळतात. एक्स्चेंज बदलताना जुन्या नंबरांआधी आकडा जोडला जाई, तेव्हा निदान ओळख टिकून राही. बीडच्या मोंढ्यातल्या अडत दुकानांसारख्या ठिकाणी, जिथे नंबर पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि गिऱ्हाइकाच्या वहीत वर्षानुवर्षे लिहिलेला असतो, तिथे महिन्याच्या साठ रुपयांपेक्षा हा तोटा मोठा धरला जाऊ शकतो. घरांना तो आता फारसा जाणवत नाही, कारण घरी येणारे कॉल मोबाइलवर येतात.