वर्गणी थांबली की हाती काय उरतं?

कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या बाजूला जाड पुठ्ठ्याच्या बांधीव खंडांची रांग असायची, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. संशोधन-नियतकालिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधायचे आणि पाठीवर साल घालायचं. पुढे वर्गणी बंद पडली, तरी ते खंड ग्रंथालयाचेच. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्गने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. तिथपासून तीनशेहून अधिक वर्षं छापील अंकांचा व्यवहार असाच चालला.

१९९० च्या दशकात तो बदलला. नियतकालिकं इंटरनेटवर आली आणि प्रकाशकांनी ‘बिग डील’ पुढे केलं. सुटी नियतकालिकं कशाला, सगळा गठ्ठाच घ्या! लहान ग्रंथालयांना जे कधी परवडलं नसतं तेही मिळू लागलं, हे कबूल केलंच पाहिजे. पण आता आपण अंक विकत घेत नव्हतो, आत शिरायची परवानगी घेत होतो. गठ्ठ्यातलं एखादं कमी करून पैसे वाचवणंही अवघड झालं. २०१२ मध्ये हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेसुद्धा आपल्या प्राध्यापकांना कळवलं, की हा खर्च पेलवत नाही. दोन प्रकाशकांच्या ऑनलाइन किमती सहा वर्षांत सुमारे १४५ टक्क्यांनी वाढल्या होत्या.

मग वर्गणी तोडली तर? २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सेव्हिअरशी बोलणी थांबवली. नवे लेख बंद झाले. जुने बरेचसे मात्र वाचता येत राहिले, कारण त्यांचा कायमचा हक्क आधीच घेऊन ठेवला होता. २०२१ मध्ये नवा करार झाला. मधली दोन वर्षं दम धरता आली त्यात या हक्काचा वाटा मोठा, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्याकडे बघू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. अपेक्षित १ कोटी ८० लाख लाभार्थ्यांनी भागलं, तर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये. महाग नाही म्हणाल. पण त्यातले उघडून वाचणारे किती, यावर खरी किंमत ठरते.

म्हणून ग्रंथपालाने दोन आकडे जवळ ठेवावेत: वर्षभरात किती लेख उघडले गेले, आणि करार संपल्यावर त्यातले किती उघडतील. पहिला आकडा अहवालात सहसा सापडतो. दुसरा करारावर सही करण्याआधीच मागून घ्यावा लागतो.