मांजरींचं पंचांग

आमच्या आजीला इसवी सन कधी लागला नाही. तिचा सगळा हिशेब मांजरींवर चाले. "कबरी होती नं, तवा विहीर खंदली." "काळीनं धाब्यावर पिलं देल्ली, त्याच साली तुह्या आत्याचं लगन झालं." सातबाऱ्यात किंवा जुन्या लग्नपत्रिकेत जी तारीख सापडत नसे, ती आजीच्या मांजरींत सापडे. आबाजी, म्हणजे आजोबा, ती कागदाशी ताडून पाहत आणि मुकाट्यानं मान डोलावत.

अमरावती जिल्ह्यातलं आमचं घर धाब्याचं, ज्वारी-कापसावर चालणारं. अशा घरात मांजर हौसेखातर पाळत नसत. ज्वारीच्या कोठ्या, सरकीचा ढीग, पुढच्या पेरणीसाठी राखेत घोळून ठेवलेलं बियाणं, हे सगळं उंदरांच्या तोंडून वाचवायचं तर मांजर हवीच. मोबदला काय, तर ताटात उरलेला भाकरीचा तुकडा आणि झालंच तर वाटीभर ताक. पण तिला नाव असे. ती गेल्यावर ते नाव घरातल्या बाया जपत. पुरुषांच्या आठवणी बैलांच्या, बायांच्या मांजरींच्या, अशी जणू वाटणीच झालेली होती.

या वंशावळीतली सगळ्यांत जुनी मांजर आजीनंही पाहिलेली नव्हती. ती तिच्या सासूची, म्हणजे माझ्या पणजीची. नाव चंद्री. काळ प्लेगचा. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडात पोचला. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, एवढं लोकांना अनुभवानं कळून चुकलं होतं. मग शेतात तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहत आणि गाव ओस पडे. पणजी तेव्हा नवी नवरी. गाडीत भांडीकुंडी, देव आणि ज्वारीची पोती चढली, आणि पणजी पदराखाली चंद्रीला घेऊन बसली. सासऱ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सासऱ्यांबद्दल पणजीनं आयुष्यभर सांगितलेली चांगली गोष्ट तेवढीच, असं आजी हसून म्हणे.

या गोष्टीला एक शेपूट होतं. त्या दिवसांत म्हणे एक गोरा साहेब गावोगावच्या मांजरी मोजायला लावी. "माणसं मरून राह्यली अन् सायब मांजरी मोजून राह्यला!" हे वाक्य आलं की आम्ही पोरं लोळून हसत असू. सांगता सांगता गोष्ट फुगते, तसंच हे वाटे. पण साहेब खरा होता. लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन हे तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन. ज्या गावांत घरांच्या मानानं मांजरी भरपूर, तिथं प्लेग कमी, असं त्यांच्या पाहण्यात आलं. म्हणून त्यांनी गावोगावच्या मांजरींची गणती केली. १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी यावर लिहिलं आणि प्लेग रोखायला मांजरी पाळा, असा आग्रह धरला.

त्याआधी दहा वर्षं, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत दाखवून दिलं होतं की हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरतो. उंदीर कमी तर पिसवा कमी, हे बुकॅनन साहेबांचं गणित सरळ होतं. त्यात एक खोट होती. मांजरीलाही प्लेग होतो आणि तिच्यापासून माणसालाही होऊ शकतो. म्हणजे चंद्री काही कवचकुंडलं नव्हती. तरी वऱ्हाडातल्या मांजरी विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात जाऊन बसल्या, हे खरंच. आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग? मी काय खोटं सांगत होती?"

चंद्री गाव परत भरल्यावर गेली. परसात निंबाखाली खड्डा खणला, खाली-वर खडेमीठ टाकलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर पाटा ठेवला. मांजरीचं सुतक नसतं. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, एवढंच शास्त्र लोकांना ठाऊक. आपणहून मेलेल्या मांजरीसाठी शास्त्रात काही नाही. पणजीनं त्या दिवशी चूल उशिरा पेटवली, आणि घरात कोणी विचारलं नाही.

शास्त्रात नसलेलं पोथीत मात्र होतं. चातुर्मासात आमच्या ओसरीवर 'भक्तिविजय' लागे. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली रचलेल्या या ग्रंथात पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा आहे. कच्च्या मडक्यात मांजरीनं पिलं घातलेली, राकाला ते ठाऊक नाही, आणि आवा पेटवला जातो. मांजरी आव्याभोवती ओरडत फिरते, राका आणि त्याची बायको बंका विठ्ठलाचा धावा करतात, आणि आवा निवल्यावर पिलं जिवंत निघतात. हा अध्याय आला की आजी पोथीपेक्षा मांजरीकडे जास्त बघे. खालच्या आळीतला कुंभार आवा रचताना प्रत्येक मडक्यात हात घालून पाही, असं ती सांगे. पोथीचा असा उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

आजीची स्वतःची मांजर राणी. तिचं चरित्र म्हणजे आमच्या भागाचा राजकीय इतिहास. ती जन्मली तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. राणीनं तीन राज्यं पाहिली, ती शेजारच्या धाब्यापलीकडे न जाता.

तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल आजी बारकाईनं बोले. दात पडले होते, डाव्या कानाला बोक्यांच्या मारामाऱ्यांत पडलेली खाच होती, अंगावरचे केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. स्वतःला चाटणं राणीनं सोडलं, तेव्हाच आजीनं ओळखलं. भाकरीचा पोपडा दुधात कुस्करून ती बोटानं राणीच्या ओठांना लावी. राणी चाटे, पण गिळत नसे. एका पहाटे ती जागेवर नव्हती. दोन माणसांनी ज्वारीची कोठी सरकवली तेव्हा मागच्या अंधारात, भिंतीकडे तोंड करून पडलेली सापडली. "तिनं आपली जागा आपणच पाहून ठेवली होती," आजी म्हणे. तिलाही निंबाखालीच ठेवलं, चंद्रीशेजारी.

आता ते घर नाही आणि निंबही नाही. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. धान्य पाच किलोच्या पिशवीत येतं, त्यामुळे मांजरीला काम उरलेलं नाही. ती घरात असते ती केवळ जीव लागतो म्हणून. आमची सोनी मूत्रपिंडाच्या आजारानं गेली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो जमिनीचा. सोसायटीच्या बागेत खणू देत नाहीत, कचरागाडीत द्यायला मन धजत नाही. शेवटी एका मित्राच्या शेतावर तिला नेलं. वाटेत खडेमीठ घेतलं. मुंबईत महापालिकेनं २०२३ साली मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे. अशी सोय प्रत्येक शहरात हवी.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यावरून आपल्याकडे अजून भांडणं होतात. मांजरीचा पुतळा उभारावा असं कोणाच्या मनातही येत नाही, आणि त्याची गरजही नाही. पण तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची आजी, मावशी, आत्या असेल तर तिला घराण्याचा इतिहास विचारू नका; ती "मले काय मालूम" म्हणून गप्प बसेल. तिच्या लहानपणी घरात कोणती मांजर होती, ते विचारा. विहीर, लग्नं, दुष्काळ, वाटण्या, सगळं त्यातून आपोआप येईल. आणि मांजरीचं नाव आधी लिहून घ्या.