मासिक उधारी, खरेदीवरील परतावा आणि क्रेडिट कार्ड : मुंबईच्या उपनगरांतील एक आर्थिक परंपरा

दैनंदिन खर्चावर अधिक परतावा देणारे क्रेडिट कार्ड कोणते, हा प्रश्न अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या नोकरदार कुटुंबांत आता नित्याचा झाला आहे. वरकरणी हा प्रश्न अगदी अलीकडचा वाटतो. वस्तुतः उपनगरांतील गृहव्यवहाराच्या दोन जुन्या प्रथा त्यात एकत्र आल्या आहेत. एक, वाण्याकडील मासिक उधारी. दुसरी, सहकारी भांडाराने सभासदास खरेदीच्या प्रमाणात द्यावयाचा परतावा. या दोन प्रथा मुळात परस्परविरोधी होत्या. उधार घेणाऱ्यास काही जादा मोजावे लागे आणि बक्षीस मिळे ते रोख देणाऱ्यास. कार्डाने हा क्रम उलटा केला. तो कसा उलटला आणि त्याचा भार कोणावर पडला, याचा विचार केल्यावाचून कार्डाच्या निवडीचा प्रश्न नीट मांडता येत नाही.

१. महिन्याचे खाते

मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. याच सुमारास आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांस कारखाने उभे राहत होते, आणि पश्चिम उपनगरांत कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती वाढत होती. या वर्गाच्या उत्पन्नाचे मुख्य वैशिष्ट्य असे की, ते महिन्यातून एकदाच हाती येई. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने एक हजारांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांत महिना संपल्यापासून सातव्या दिवसापूर्वी, व इतरत्र दहाव्या दिवसापूर्वी, वेतन देण्याचे बंधन घातले होते. पगार महिन्याचा आणि खर्च रोजचा, ही तफावत भरून काढण्याचे काम किराणा दुकानातील खात्याने केले.

या खात्याची पद्धत साधी होती. गिऱ्हाइकाजवळ एक छोटी वही असे. नेलेला जिन्नस तीत आणि दुकानदाराच्या वहीत टिपला जाई, आणि पगार झाला की बेरीज करून रक्कम चुकती होई. व्याज असे वेगळे लावले जात नसे. तथापि ही सवलत फुकट होती, असे समजणे चूक ठरेल. उधारीत अडकलेल्या भांडवलाचा खर्च मालाच्या भावात मिसळलेला असे. शिवाय खाते असलेल्या गिऱ्हाइकास दुसऱ्या दुकानी जाणे अवघड होई. भाव थोडा चढा लावला वा माल हलका दिला, तरी तो मुकाट्याने घ्यावा लागे. पत ओळखीवर उभी होती. नव्याने राहावयास आलेल्यास 'आज रोख, उद्या उधार' ही पाटीच वाचावी लागे.

२. रोखीचे बक्षीस

ग्राहक सहकाराची चळवळ या बंधनाविरुद्धच उभी राहिली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकर व इतर कारागीर यांनी जे भांडार काढले, त्याच्या नियमांत दोन गोष्टी परस्परांशी जोडलेल्या होत्या. विक्री रोखीनेच व्हावी, आणि उरलेला वाढावा सभासदांस त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळावा. उधारीचे भांडार कर्जात बुडते, आणि बाजारभावाने विकून मागाहून परतावा दिला तर सभासदाची अनायासे बचत होते, असा त्यामागील विचार होता. दैनंदिन खरेदीवरील परताव्याचा हाच आधुनिक आरंभ म्हणता येईल.

भारतात १९१२ च्या सहकारी संस्था अधिनियमाने पतपुरवठ्याखेरीज इतर उद्देशांच्या संस्थांनाही स्पष्ट मान्यता दिली. मुंबईत १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत जे ग्राहक भांडार सुरू झाले, तेच पुढे 'अपना बाजार' या नावाने सर्वत्र परिचित झाले, आणि शहराबाहेर वस्ती सरकू लागली तसे ते अंधेरीसारख्या उपनगरांतही पोहोचले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने याहून निराळा मार्ग स्वीकारला. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी एकत्र द्यावी, आणि घाऊक खरेदीने आलेला माल संघातच वाटून घ्यावा, अशी तिची वितरण व्यवस्था होती. येथे महिन्याचा जुना क्रम कायम राहिला. उधारी मात्र नाहीशी झाली. या दोन्ही प्रयोगांत ग्राहकास होणारा लाभ मधल्या नफ्यातून येत होता, शेजाऱ्याच्या खिशातून नव्हे.

३. कार्डाचे आगमन

न्यूयॉर्क येथे १९५० मध्ये निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड प्रवासी व व्यापारी वर्गासाठी होते. बँक ऑफ अमेरिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या कार्डाने फिरत्या कर्जाची, म्हणजे थोडी रक्कम भरून बाकी पुढे ओढण्याची, सोय सामान्य कुटुंबांपर्यंत नेली. भारतात डायनर्स क्लब १९६० च्या दशकात आला. बँकेचे क्रेडिट कार्ड मात्र १९८० मध्ये मुंबईच्याच सेंट्रल बँक ऑफ इंडियाने प्रथम काढले. १९९१ नंतर खाजगी व परदेशी बँकांमुळे त्याचा प्रसार वाढला.

याच काळात उपनगरांतील दुकानदारीचे रूप पालटले. शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान १९९१ मध्ये अंधेरीत उघडले, आणि १९९४ मध्ये त्याने 'फर्स्ट सिटिझन' ही गुण देणारी सभासद योजना सुरू केली. डीमार्टने २००२ मध्ये पवईत आरंभ केला, तो मात्र गुणांऐवजी थेट कमी भावाचा मार्ग धरून. सभासदत्व, खरेदीचे प्रमाण आणि परतावा ही सहकाराची परिभाषा खाजगी व्यापाराने उचलली, परंतु संस्थेच्या मालकीतील सभासदाचा वाटा तीतून गळला. पुढे बँकांनी हेच गुण कार्डाला जोडले, आणि उधारी व परतावा प्रथमच एका ठिकाणी आले.

४. परताव्याचा उगम

कार्डावरील परतावा तीन ओघांतून येतो. पहिला, प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क. दुसरा, कार्डधारकाची वार्षिक वर्गणी. तिसरा, पूर्ण रक्कम न भरणाऱ्यांकडून मिळणारे व्याज. दुकानदार आपले शुल्क सामान्यतः सर्वच गिऱ्हाइकांच्या भावात मिसळतो. त्यामुळे रोखीने वा यूपीआयने पैसे देणारा, कार्डधारकास मिळणाऱ्या गुणांचा अंशतः दाता ठरतो. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील दुकानदाराचे शुल्क शून्य करण्यात आले; डेबिट व्यवहारांवर भरघोस परतावा का मिळत नाही, याचे एक कारण यात आहे.

व्याजाचा ओघ सर्वांत प्रबळ आहे. एका कुटुंबाने दरमहा २०,००० रुपये कार्डाने खर्च केले आणि परतावा एक टक्का असला, तर महिन्यास २०० व वर्षास २,४०० रुपये हाती येतात. वर्गणी ५०० व तीवर अठरा टक्के कर धरल्यास १,८१० उरतात. आता एकदाच ही रक्कम महिनाभर थकली आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर ७०० रुपये व्याज आणि त्यावरील कर १२६, असे ८२६ रुपये जातात. म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळाचा परतावा एका चुकीत संपतो. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदतीचा लाभ बुडतो आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. व्याजदरावर रिझर्व्ह बँकेचे पर्यवेक्षण असले, तरी आयोगाने आखलेली मर्यादा उरलेली नाही.

५. निवडीचा निकष

या इतिहासाच्या प्रकाशात निवडीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. गुणांचा जाहीर दर हा शेवटचा निकष होय. त्याआधी तीन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते. दरमहा पूर्ण रक्कम भरण्याइतका कुटुंबाचा पगार व खर्च यांचा मेळ आहे काय; गेल्या वर्षाचा खर्च प्रत्यक्षात किराणा, वीज, औषधे व प्रवास यांपैकी कशावर झाला; आणि त्या खर्चास कार्ड गुण देते काय. घरभाडे, इंधन, विमा यांस अनेक कार्डे गुण देत नाहीत अथवा कमी देतात, आणि महिन्याच्या गुणांस कमाल मर्यादा असते. गुणाचे रुपयांतील मूल्य न पाहता नुसती संख्या पाहणे म्हणजे वजन न करता पुडीचा आकार पाहून साखर घेणे होय. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यास मनाई केली, आणि बाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी न केल्यास दिवसास ५०० रुपये दंड ठेवला. खाते सोडून जाण्याचे जे स्वातंत्र्य वाण्याच्या गिऱ्हाइकास नव्हते, ते येथे कायद्याने मिळाले आहे.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडता येऊ लागले, आणि बँकेची उधारी बोरिवली-मुलुंडच्या छोट्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली. ज्या दुकानातून महिन्याचे खाते निघाले, तेथेच ते एका दूरच्या सावकाराच्या नावे परत आले आहे. जुना वाणी गिऱ्हाइकाची अडचण ओळखून कधी बाकी पुढच्या महिन्यावर ढकली. बँकेच्या हिशेबात ढकललेली बाकी हेच उत्पन्न आहे. म्हणून परताव्याचा खरा लाभ, कार्ड कोणतेही असो, रॉचडेलच्या नियमाने वागणाऱ्यासच होतो. हाती पैसा असेल तेवढेच विकत घ्यावे, आणि कार्ड हे केवळ तो देण्याचे साधन मानावे. उधारीच्या साधनावरचे बक्षीस अखेर रोखीच्या शिस्तीलाच मिळते.