गोल्फ : कुंपणालगतचा चेंडू आणि नियम

गोल्फमध्ये एका कुंपणापासून खेळाडूला विनादंड सुटका मिळते, तर तशाच दुसऱ्या कुंपणापाशी एका फटक्याचे मोल द्यावे लागते. कुंपण तारेचे आहे की दगडी, याला महत्त्व नसते. ते मैदानाची हद्द दर्शविते की नाही, एवढाच प्रश्न असतो. स्कॉटलंडमधील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या संस्था संयुक्तपणे ठरवीत असलेले नियम भारतातही लागू आहेत.

मैदानातील अडथळा

हद्दीशी संबंध नसलेले पक्के कुंपण, पक्की वाट किंवा पंपघर हे अचल अडथळे होत. चेंडू, उभे राहण्याची जागा किंवा फटक्याचा झोत यांना त्यांची आडकाठी होत असेल, तर अडथळा पूर्णपणे टळेल असा सर्वांत जवळचा बिंदू शोधावा. तेथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा. तो बिंदू झुडपात आला तरी सोयीची दुसरी जागा निवडता येत नाही. अडथळा केवळ होलच्या दिशेने आड येत असेल किंवा चेंडू दंडक्षेत्रात असेल, तर ही सवलत नाही.

हद्दीचे कुंपण

हद्दीची भिंत, कुंपण वा खांब यांपासून विनादंड सुटका नाही. चेंडू आहे तेथून खेळावा. हद्दीबाहेर उभे राहून हद्दीतील चेंडू खेळण्यास मुभा आहे. अन्यथा चेंडू ‘न खेळण्याजोगा’ ठरवून एका फटक्याचा दंड स्वीकारावा. मग आधीच्या फटक्याच्या जागी परतता येते, होल व चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे जाता येते किंवा दोन क्लबच्या लांबीत बाजूला येता येते. सवलत समजून चेंडू हलविला आणि तेथून खेळला, तर स्ट्रोक-प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होतो. मॅच-प्लेमध्ये तो होलच गमवावा लागतो.

२०१० च्या ‘ओपन’ स्पर्धेत सेंट अँड्र्यूज येथील सतराव्या होलवर स्पेनच्या मिगेल आंखेल हिमेनेसचा चेंडू ग्रीनमागील रस्त्यापलीकडे दगडी भिंतीलगत थांबला होता. त्याने ग्रीनच्या उलट दिशेला, थेट भिंतीवरच फटका मारला. चेंडू उसळून ग्रीनवर आला. नियमात हे पूर्णतः बसते.

खांब, फाटक आणि आधार

दंडक्षेत्राचा लाल वा पिवळा खांब सहज निघत असेल तर काढता येतो. हद्दीचा खांब, सहसा पांढरा, सैल असला तरी अचल मानला जातो. तो उपटून तसाच फटका मारल्यास दंड होतो. २०१९ पासून मात्र फटक्यापूर्वी पूर्ववत रोवल्यास दंड टळतो. कुंपणाचे तिरपे आधार, ताणाच्या तारा आणि ये-जा करण्याचे फाटक हे हद्दीचा भाग नसून अडथळे ठरतात. समितीने वेगळा निर्णय दिला असेल तरच अपवाद.

हद्दीबाहेर कधी?

खांबांच्या मैदानाकडील कडा जमिनीलगत जोडणारी रेषा ही हद्द. संपूर्ण चेंडू तिच्या पलीकडे गेला तरच तो बाहेर. मग एका फटक्याच्या दंडासह आधीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते.

विनाकारण उचललेल्या चेंडूलाही एका फटक्याचा दंड आहे. म्हणून चेंडूला हात लावण्यापूर्वी स्थानिक नियमपत्रक पाहून कुंपण कोणत्या प्रकारात मोडते, याची खात्री करून घ्यावी.