आडोशाला गेलेले जंतू

जिवंत पेशीच्या पोटात शिरलेला जंतू बाहेरच्या मारक द्रव्यांपासून सुरक्षित राहतो, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील पेटन राउस आणि एफ. एस. जोन्स यांनी १९१६ मध्ये दाखवले. भक्षकपेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, जिवंत असेपर्यंतच हे संरक्षण टिकते, असेही त्यांना आढळले. परंतु तेव्हा प्रतिजैविकेच नसल्याने या निरीक्षणाचे औषधशास्त्रीय मोल कळण्यास बराच काळ जावा लागला. स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालू लागल्यावर, १९५२ मध्ये जॉर्ज मॅकानेस आणि इमॅन्युएल सुटर यांनी स्वतंत्रपणे क्षयजंतू प्राण्यांच्या भक्षकपेशींत वाढवून पाहिले, तेव्हा काचनळीत प्रभावी ठरणारे हे औषध पेशीतील जंतूंपुढे बरेच दुबळे पडले, तर नुकतेच आलेले आयसोनियाझिड तेथेही परिणामकारक ठरले.

पुढची अडचण मोजणीची होती, कारण पेशीबाहेर उरलेले जंतू वाढत राहिले तर आतल्यांचा हिशेब लागत नाही. तिच्यावरचा तोडगा काट्याने काटा काढण्याचाच म्हणावा लागेल: १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले जेंटामायसिन पेशीत सावकाश शिरते, आणि उपचारातील त्याची हीच उणीव प्रयोगशाळेत गुण ठरली. पेशी आणि जंतू तास-दोन तास एकत्र ठेवून धुतात, जेंटामायसिनने बाहेरचे जंतू मारतात, पुन्हा धुऊन नवे औषध घालतात. ठरावीक वेळाने सौम्य अपमार्जकाने पेशी फोडून, तो द्रव टप्प्याटप्प्याने विरळ करून आगरच्या थाळीवर पसरतात आणि उगवलेल्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे जंतूंचे ठिपके, मोजतात. जेंटामायसिन फार वेळ राहिले तर तेही हळूहळू आत झिरपते व नव्या औषधाचे श्रेय फुगवते, ही या पद्धतीची जुनी खोट आहे.

बेल्जियममध्ये पॉल टुल्केन्स यांच्या गटाने हे मोजमाप काटेकोर केले. त्यासाठी वापरलेली टीएचपी-१ ही मानवी पेशीमालिका जपानमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या एका बालकाच्या रक्तापासून तयार झाली होती व तिचे वर्णन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध पेशीत साठले म्हणजे ते तेथे मारतेच असे नाही, हा अशा प्रयोगांचा बहुधा सर्वांत उपयुक्त निष्कर्ष होय: अझिथ्रोमायसिन पेशीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट साठते, पण त्यातील बराचसा भाग लायसोसोम या आम्लधर्मी पिशव्यांत अडकतो आणि आम्लात त्याची मारकशक्ती घटते.