दारूचा प्रश्न : जोतीरावांची हरकत आणि आमची प्रतिज्ञा

दारूचा विषय निघाला की बोट वस्तीकडे दाखवायचे, ही खोड जुनी आहे. दुकान कोणाच्या परवान्याने उघडले, हे मात्र कोणी विचारत नाही. महात्मा फुल्यांनी विचारले होते. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू गाळण्या-विकण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनी शहरात वाढणाऱ्या दारूदुकानांना लेखी हरकत घेतली. त्यात नीतीइतकाच आरोग्याचा मुद्दा होता. जी पालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते, तिच्याच हद्दीत ते आरोग्य नासवणारी दुकाने वाढावीत?

बाबासाहेबांबद्दल अर्धेच सांगितले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे आपल्याला पाठ आहे. पण १९५२ मध्ये राज्यसभेत अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारी दारूबंदीवर कडाडून टीका केली होती. महसूल बुडतो आणि दारू घराघरांत गाळली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. यात आम्हाला विसंगती दिसत नाही. पोलिसाचा दंडुका वेगळा, माणसाने स्वतः केलेला निश्चय वेगळा.

आता अडचणीचा भाग. दीक्षा घेतलेल्या घरातला भाऊ पितो, तेव्हा आपण काय करतो? टोमणे मारतो, कार्यक्रमातून बाजूला काढतो. मग तो लपवतो आणि मार बायको खाते. (तिच्यासाठी आपल्या किती बैठका झाल्या?) दारूचे व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून भरसभेत शपथ वदवून त्याला तसेच घरी पाठवणे धोक्याचे आहे. आधी डॉक्टर, मग समुपदेशन आणि सोबतीला घरचे. मध्येच तो पुन्हा प्यायला, तर उपचार पुन्हा सुरू करायचे. प्रतिज्ञा मोडली म्हणून माणूस टाकायचा नाही.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अर्थात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे बरे झालेले कितीतरी जण पुढे इतरांना सावरायला उभे राहिले. आपल्या विहारांत वर्षावासाच्या प्रवचनांना जागा आहे, तशी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा माणसांच्या बैठकीलाही देता येईल. फलकावर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक लिहायला तर खडू पुरतो.