मिस मारणारा ट्रक आणि पुदुपेटचा इतिहास



निवृत्तीनंतर मी चेन्नईत, एग्मोर भागात राहतो. एग्मोर म्हटलं की बाहेरच्या माणसाला रेल्वे स्थानक आठवतं. माझ्यासारख्या गाड्यांमध्ये आयुष्य काढलेल्याला आठवतं ते तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचं पुदुपेट. कूवम नदीकाठचा हा गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचा बाजार. मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन, गिअरबॉक्स, पंप, नोझल सगळं इथे सुटं होतं आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसतं. म्हणून आजचा प्रश्न असा: फेरफार केलेला जुना ट्रक मिस का मारतो, चढाला दम का सोडतो? माझं म्हणणं असं की, याचं उत्तर इंजिनाआधी त्या गाडीच्या इतिहासात शोधावं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करू. त्या काळात फोर्ड आणि शेव्हरोले बनावटीचे लष्करी ट्रक मोठ्या संख्येने भारतात आले. एवढ्या गाड्या चालत्या ठेवणं हे वेगळंच काम होऊन बसलं. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी आमची ईएमई कोअर उभी राहिली ती याच गरजेतून. युद्ध संपल्यावर शिल्लक ट्रक विकले गेले आणि खासगी मालकांच्या हाती आले. ते पेट्रोलवर चालणारे होते, आणि माल वाहून पोट भरणाऱ्याला पेट्रोल परवडेना.

यावरची तोड मद्रासमध्येच तयार होत होती. माउंट रोडवरची सिम्पसन ही १८४० पासूनची कंपनी, मुळात घोडागाड्या बांधणारी. १९५० च्या दशकात तिने सेम्बियमच्या कारखान्यात पर्किन्सचं पी-६ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं. जुन्या ट्रकमधलं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल बसवायचं, हा त्या काळचा व्यवहारी मार्ग ठरला. तिकडे एन्नोरला १९४८ साली सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि डिझेल ट्रक हाच देशाचा ट्रक झाला. पुढे जबलपूरला बनलेल्या निस्सान एक टनी आणि जोंगा लष्करी लिलावात निघाल्या, तेव्हा तेच पुन्हा घडलं. चार लिटरचं पेट्रोल इंजिन बाहेर आलं आणि हाताशी असलेलं डिझेल आत गेलं.

इंजिन बदललं, बाकी गाडी मात्र जुन्या इंजिनाच्या हिशोबाचीच राहिली. दोष बहुतेक वेळा या सांध्यावर असतो. शेव्हरोलेच्या २१६ घनइंची इंजिनाची ९० अश्वशक्ती मिनिटाला ३३०० फेऱ्यांना मिळायची. पी-६ ची सुमारे ८० अश्वशक्ती २४०० च्या आसपास मिळायची. मागचा डिफरन्शियल तोच ठेवला तर गाडीचा वेग पडणारच. मालक म्हणतो, ‘इंजिनात दम नाही.’ इंजिन ठणठणीत असतं.

दुसरा सांधा ब्रेकचा. पेट्रोल इंजिन बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम स्वतःच देतं, डिझेलला वेगळा पंप लावावा लागतो. तो न लावता घाटात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. तिसरा सांधा गव्हर्नरचा. तेव्हाच्या बऱ्याच डिझेल पंपांवर हवेच्या दाबावर चालणारा गव्हर्नर असे. त्याची नळी सैल झाली किंवा पडदा फाटला, की इंजिन वर-खाली होतं, आणि लोक त्याला ‘मिस मारतंय’ समजून नोझल बदलत बसतात.

खरोखर मिस मारत असेल तर क्रम साधा आहे. पेट्रोल इंजिनात एकेका प्लगची वायर काढून पाहायची. डिझेलमध्ये एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा, पण तोंड आणि हात त्या फवाऱ्यापासून दूर ठेवून. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, तो आजारी. मग पेट्रोलला ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन तपासायचं. डिझेलला ठिणगी नसते. तिथे आधी लाइनमध्ये धरलेली एअर, मग फिल्टर, मग नोझल, शेवटी कॉम्प्रेशन. धूरही बोलतो: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर.

एक उदाहरण सांगतो. येरकाडच्या एका कॉफी बागायतदाराकडे लिलावातली जुनी लष्करी गाडी होती, इंजिन डिझेलचं बसवलेलं. घाटात पंधरा मिनिटं चढली की मिस मारायची आणि दम सोडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा व्यवस्थित. पंप दोनदा उघडून झाला होता. पुदुपेटच्या एका वयस्क तमिळ फिटरने पाना हातात घेण्याआधी विचारलं, ‘टाकी कोणत्या इंजिनाची?’ टाकी पेट्रोलच्या काळातली होती. त्याने डिझेलचा कॅन वर टांगला, नळी थेट फीड पंपाला जोडली आणि गाडी घाटात पाठवली. ती एका दमात वर गेली. पेट्रोलच्या काळातला टाकीतला जुना चिकट थर डिझेलने सुटला होता. चालताना तो जाळीला चिकटायचा, थांबल्यावर खाली पडायचा. खर्च आला तो टाकी धुण्याचा.

तो प्रश्न कोणत्याही पुस्तिकेत नव्हता, कारण ती गाडी कोणत्याही कारखान्यात तशी बनलीच नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपवण्याचा नियम आला. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जावी, याला माझा विरोध नाही. पण लोखंड वितळवताना त्याच्यासोबत ही माणसंही कामाबाहेर जातील, आणि कोणत्या गाडीत काय, कधी आणि का बदललं, हे फक्त त्यांच्याच डोक्यात आहे. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. गाडी नाही वाचली तरी चालेल, प्रश्न विचारायची ही रीत वाचली पाहिजे.

जय हिंद.